राजांच्या केकमधला दाणा

सहा जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाला, ओदालीच्या मंडळीत केक कापला जाई तो खाण्यासाठी नव्हे, दाण्यासाठी. कड्यासारखा गोल, लोणी-अंड्यांचा फुगवलेला गोड पाव, वर नुसती साखर, आणि पोटात कुठेतरी राजम्याचा एक कोरडा दाणा. ज्याच्या तुकड्यात दाणा निघेल तो त्या दिवसाचा राजा, बाई असली तर राणी, आणि पुढच्या रविवारचा केक त्याच्या घरी. असं रविवारामागून रविवार, मार्दी ग्राच्या मंगळवारपर्यंत, म्हणजे ईस्टरआधीचे उपवास लागण्यापूर्वीच्या कार्निव्हलच्या शेवटच्या दिवसापर्यंत. त्या शेवटच्या दिवशी दाणा ज्याला येईल त्याने पुढच्या सहा जानेवारीला पुन्हा सुरुवात करायची. आमंत्रण कोणी कोणाला द्यायचं नाही. आमंत्रण दाणाच द्यायचा.

ही माळ ओदालीच्या आईने महायुद्धाच्या वर्षात ओवायला घेतली ती आजवर तुटली नव्हती. पुराच्या सालात सगळं न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेलं, ही माणसं ह्यूस्टनच्या एका मोटेलात जाऊन पडली, तर तिथेही ओदालीने विकतच्या पावात सुरी खुपसून दाणा आत सारला होता. मंडळीचा दुसरा नियम असा की टेबलाशी बसल्यावर आपलीच भाषा बोलायची, क्रिओलांची, म्हणजे इथल्या जुन्या मिश्रवंशी लोकांची फ्रेंच. ज्याच्या तोंडातून इंग्रजी शब्द सुटेल त्याने उरलेला केक उभ्याने खायचा. हा नियमही आईचाच. शाळेत उलटं होतं. फ्रेंच बोललं की नन गुडघ्यावर बसवायच्या. ओदालीने चौथीत शाळा सोडली आणि गुडघे वाचवले.

एके काळी या टेबलाशी तीस माणसं दाटीवाटीने बसत. आता चार उरली होती. एक्याऐंशी वर्षांची ओदाली. दोन गल्ल्या पलीकडची क्लेमांस, हिची लहानपणापासूनची मैत्रीण. ठार बहिरी सिडोनी. आणि मिस्ये, म्हणजे श्रीयुत, अनातोल. या माणसाने उमेदीत निम्म्या शहराच्या छतांना गिलावा केला आणि आता स्वतःच्या सदऱ्याची गुंडी त्याला लागत नव्हती.

गेल्या मार्दी ग्राला दाणा ओदालीला आला होता. म्हणजे यंदाची सुरुवात तिची.

तीन तारखेला तिने पीठ भिजवलं. भिजवलं म्हणजे काय, बोटं त्यात रुतवली आणि तिथेच अडकली. सांध्यांच्या गाठी झालेल्या. पिठाला ओढ द्यावी तर मनगटातून कळ डोक्यात जाई. तासभर झगडून जो गोळा झाला तो रात्रभर ठेवला तरी फुगला नाही. सकाळी तिने तो कचऱ्यात टाकला आणि वर कॉफीचा चोथा पसरला. उगाच कोणाच्या नजरेला नको.

क्लेमांसला हाक मारली असती तर ती पदर खोचून आली असती. त्यांच्याकडे पदर नसतो, पण बाई त्या जातीची. पण हाक मारायची कोणत्या तोंडाने? गेल्या वर्षी क्लेमांसच्या पाळीला तिचा भाऊ वारून आठवडा झाला होता. तिने दुकानातला केक आणला, जांभळ्या, हिरव्या, सोनेरी साखरेने लडबडलेला, आत दाण्याच्या जागी प्लास्टिकचं बाळ. ओदालीने चारचौघांत तो बोटाने लांब सारला होता. "हे काय आणलंस? विदूषकाचा लंगोट?" सगळे हसले. क्लेमांसही हसली. पण तेव्हापासून ती ओदालीकडे आली की आधी पाय पुसायची आणि मग पुन्हा एकदा पुसायची.

ओदालीने नातीला फोन केला. ज्यूनेल चाळिशीची, इस्पितळात रक्त तपासायची, गाडी वाऱ्यासारखी हाकायची.

"मला साधा केक हवाय. आपला. रंग नसलेला."

"सोपंय, मेमेर," नात म्हणाली. "फोनमध्ये यादी आहे. शहरात फ्रान्स कुठे सापडेल, दहा ठिकाणं."

"दहा? त्यात माझं घर आहे का?"

"नाही."

"मग यादी करणाऱ्याला सांग, मोजता येत नाही तुला."

तरी ती गाडीत बसली. डोक्यावर चर्चची हॅट, हातात कातडी पर्स.

पहिल्या दुकानाबाहेर निळी पट्ट्यापट्ट्यांची छत्री आणि आत दाढीवाला पोरगा. पाव सुरेख मांडले होते, मुकाट्याने कबूल करण्यासारखे. ओदालीने आपल्या भाषेत विचारलं, राजांचा केक आहे का? पोरगा हसला आणि इंग्रजीत म्हणाला, आहे ना, आणि काचेतून एक चपटी, पापुद्र्यांची, बदामाचं सारण भरलेली पोळी काढून दाखवली.

"हा नव्हे. फुगलेला. कड्यासारखा."

"फ्रान्समध्ये असाच असतो, मॅडम. मी पॅरिसला शिकलोय. दोन वर्षं."

"माझ्या घरी दोनशे वर्षं शिकतायत."

ज्यूनेलने तिचा दंड दाबला. पोरगा भला होता, रागावला नाही. उलट म्हणाला, "तुमची फ्रेंच फार गोड आहे. किती जुनी वाटते ऐकायला."

"जुनी?" ओदालीने पर्स काखेत मारली. "चप्पल आहे का ती?"

दुसऱ्या ठिकाणी खायचं काहीच नव्हतं. साबण, जांभळ्या वाळक्या फुलांच्या पुरचुंड्या, पॅरिसच्या मनोऱ्याचे दिवे. दोरीवर भांडी पुसायची फडकी टांगलेली, आणि एका फडक्यावर डोक्याला रुमाल बांधलेली, टोपलीत भाताचे वडे घेऊन उभी असलेली काळी बाई छापलेली. ओदालीची आजी असेच वडे दारोदार विकायची. चर्च सुटलं की तिची आरोळी तीन गल्ल्यांत ऐकू जायची.

"आवडलं का?" दुकानातल्या बाईने विचारलं. "जुन्या शहराची आठवण म्हणून लोक फार नेतात."

"नेऊन काय करतात?"

"म्हणजे... भांडी पुसतात."

ओदालीने फडकं नीट, घडीवर घडी करून परत ठेवलं. आजीच्या तोंडावर घडी येऊ दिली नाही.

तिसरं ठिकाण तिने स्वतःहून सांगितलं. लाबोर्दची बेकरी. पुरानंतर बंद झालीय हे तिला ठाऊक होतं, पण भिंतीवर नाव अजून आहे असं अनातोल म्हणाला होता. नाव होतं. नव्याने रंगवलेलं, सोन्याची किनार दिलेलं. आत लोक बर्फ घातलेली कॉफी पीत कॉम्प्युटर उघडून बसले होते. भट्टीच्या जागी झाडाची कुंडी.

"इथे लाबोर्द कोण?" ओदालीने गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं.

"ते नुसतं नाव आहे," मुलगी म्हणाली. "ओरिजिनल. आम्ही जपलंय."

गाडीत बसल्यावर ज्यूनेल हळूच म्हणाली, "अजून सात ठिकाणं आहेत, मेमेर."

"ती यादीवाल्याला लखलाभ. मला बाजारात सोड. दूध संपलंय."

मोठ्या बाजारात तिने नातीला गाडीतच बसायला लावलं. आत शिरताच डाव्या हाताला टेबलावर केकच्या खोक्यांची रास होती. जांभळा, हिरवा, सोनेरी. तिने सगळ्यात लहान खोका उचलला, वर दुधाची बाटली आणि पालेभाजी रचली आणि गाडीत येऊन म्हणाली, "शेजारच्या पोरांसाठी घेतलाय. त्यांना काय कळतंय."

सहा तारखेला सकाळी तिने दाराला कडी घातली, केक ताटात काढला आणि बोथट सुरीने रंग खरवडायला बसली. साखर आणि गिलावा यांत फार फरक नाही. जुनी भिंत खरवडतात तसं कडेकडेने जावं लागतं. केकला पोटातून चिरून प्लास्टिकचं बाळ बाहेर काढलं. गुलाबी, नागवं, हसरं. तिने ते पालथं ठेवलं. मग बरणीतून राजम्याचा एक टपोरा दाणा निवडला, धुतला आणि खिडकीतल्या बशीत सुकायला ठेवला. तेवढ्यात फोन वाजला.

"मी काही आणू का गं?" क्लेमांस विचारत होती. "थोडं क्रीम? पेकनच्या बिया भाजून आणू?"

"का? माझ्या घरात दुष्काळ पडलाय?"

"नाही गं. सहज विचारलं."

"सहज विचारायचं असेल तर माझी तब्येत विचार."

"तुझी तब्येत फोनवरूनच ऐकू येते," क्लेमांस म्हणाली आणि हसून फोन ठेवला.

ओदाली फणकारत केककडे वळली. वितळलेलं लोणी लावलं, पांढरी साखर भुरभुरवली, चीर साखरेने बुजवली, वर आईच्या हातचा विणलेला रुमाल टाकला. लांबून पाहिलं. कोणी म्हणणार नाही.

दुपारी चारला मंडळी जमली. सिडोनीला तिची मुलगी दाराशी सोडून गेली. अनातोल काठी टेकत, जुना काळा सूट घालून आला. क्लेमांसने पाय पुसले, पुन्हा पुसले.

"काय मिस्ये अनातोल, लग्नाला निघालात की काय?"

"नवरी मिळेना, मादाम ओदाली. तुम्ही मोकळ्या आहात ऐकलं."

"मी मोकळी आहे, आंधळी नाही."

"काय म्हणते ती?" सिडोनीने विचारलं.

"लग्न जमतंय त्यांचं!" क्लेमांस तिच्या कानात ओरडली.

"बरं झालं," सिडोनी म्हणाली. "या घराला रंग तरी लागेल."

ओदालीने रुमाल उचलला. क्लेमांसने वाकून वास घेतला. तिची नजर केकच्या कडेवर क्षणभर थांबली, मग ओदालीच्या बाहीवर गेली, मग खाली आपल्या बशीत.

"घरचाच ना गं?"

"मग काय आकाशातून पडला?"

"छान फुगलाय."

"हाताला चव असावी लागते," ओदाली म्हणाली, आणि गाठी आलेली बोटं टेबलाखाली घेतली.

तिने सुरी चालवली. पाच तुकडे. चार माणसांचे चार आणि पाचवा देवाचा, म्हणजे दाराशी आलेल्या भुकेल्याचा. लहानपणी दाराशी खरंच कोणीतरी असायचं.

"ओके!" अनातोल हात चोळत म्हणाला आणि जीभ चावली.

"उठा!" तिघी एकदम ओरडल्या. तो बिचारा काठी धरून उठला आणि उभ्या उभ्या खाऊ लागला. गालाला साखर लागलेली, सूट काळा. बायका डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. ओदालीला वाटलं, झालं, यंदाही माळ पुढे गेली. आता कोणाच्या का दातांखाली येईना.

घास जपून चावले जात होते. दाढा सगळ्यांच्याच उधारीच्या.

अनातोलचा तुकडा संपला. त्याने रिकामे हात दाखवले. सिडोनीने आपल्या तुकड्याचा भुगा करून बशीत पसरला, काही नाही. ओदालीने शेवटचा घास जिभेने चाचपून गिळला. काही नाही. क्लेमांस अजून चावत होती. हळूहळू, खाली मान घालून, एक गाल किंचित फुगलेला.

"देवाचा तुकडा बघा," अनातोल म्हणाला.

ओदालीने देवाचा तुकडा मोडला. पुन्हा मोडला. चुरा केला. पिवळा चुरा ताटभर झाला आणि दाणा त्यात नव्हता.

असं कधी झालं नव्हतं. दाणा नाही म्हणजे राजा नाही, पुढचा रविवार कोणाचाच नाही. चौघांच्याही मनात एकच आलं, की माळ तुटली. आणि ओदालीच्या स्वभावात एक खोट होती. ती घाबरली की तिची जीभ पुढे धावायची.

"काय चावतेयस इतका वेळ?" ती क्लेमांसला म्हणाली.

क्लेमांसने वर पाहिलं. तोंड भरलेलं.

"तुझ्याकडे आलाय. गिळतेयस तू. पुढचा केक करायला नको म्हणून."

"ओदाली," अनातोल म्हणाला.

"तुम्ही उभे राहा नुसते! मी ओळखते हिला. गेल्या वर्षी आळस केला, यंदा दाणाच गिळला. माझ्या आईने जे आयुष्यभर सांभाळलं ते हिने एका घोटात संपवलं. लंगोट आणायची तरी लाज वाटली असेल, म्हणून हे."

क्लेमांसने घास गिळला. पाणी प्यायली. रुमालाने ओठ टिपले, खुर्ची मागे सारली आणि उठली. मग स्पष्ट, सावकाश, एकेक शब्द वेगळा करत इंग्रजीत म्हणाली, "केकबद्दल आभारी आहे."

तिने खुर्ची टेबलाखाली सरकवली.

"इंग्रजी बोलले," ती पुढेही इंग्रजीतच म्हणाली. "पण मी उभीच आहे." आणि निघून गेली. जाताना पाय पुसले नाहीत.

"काय झालं?" सिडोनीने विचारलं. "तिला आला का दाणा?"

सगळे गेल्यावर ओदाली बश्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. दिवस अजून मावळला नव्हता. खिडकीतून तिरपं ऊन आत येऊन बरोबर त्या बशीत पडलं होतं. बशीत दाणा. टपोरा, तांबडा, धुतल्यामुळे चकचकीत. सुकून केव्हाचा तयार.

तिने हातातल्या बश्या ओट्यावर ठेवल्या. मग बाहीकडे लक्ष गेलं. कोपराजवळ जांभळ्या साखरेचे चार खडे चिकटलेले होते.

एक फोन पुरला असता. अगं, मीच घालायची विसरले. हसली असती सगळी. पण त्यामागून दुसरा प्रश्न आला असता, की बाई, केक भाजण्याआधी दाणा पिठात जातो, मग तुझा बशीत कसा? आणि मग खोका, आणि मग खरवडलेला रंग, आणि मग लंगोट. ओदाली फोनपाशी जाई, हात ठेवी आणि परत येई. तिने खोटंही रचून पाहिलं. टेबलाखाली सापडला म्हणावं? पण कोरडा, न भाजलेला दाणा टेबलाखाली कुठून येणार? आयुष्यभर तिने लोकांची लहान लहान खोटी चिमटीत पकडली होती. स्वतःचं तिला धड रचता येईना.

पहिला रविवार तसाच गेला. दुसरा गेला. कोणाचा कोणाला फोन नाही, कारण बोलवायचं काम दाण्याचं. तिसऱ्या आठवड्यात ज्यूनेलने सांगितलं की मिस्ये अनातोल न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, मुलीने त्यांना टेक्सासला नेलं. त्याच रविवारी ओदालीने हॅट घातली, दाणा मुठीत घेतला आणि दोन गल्ल्या चालत गेली. चालायला तिला अर्धा तास लागला.

क्लेमांसचं दार उघडंच होतं. आत खोके. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन.

"कुठे?" ओदालीने विचारलं.

"बॅटन रूजला. भाचीकडे. गुरुवारी." क्लेमांस वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. तिने थांबून पाहिलं नाही. "जिने चढवत नाहीत आता. बरेच दिवस म्हणत होती ती. मीच म्हणत होते, मार्दी ग्रा होऊ दे."

ओदालीने मूठ उघडली. दाणा तळहाताला घामाने चिकटला होता.

"मी घातलाच नव्हता," ती म्हणाली. एवढं एक वाक्य बोलायला तिला एकवीस दिवस लागले होते. "केक विकतचा होता. तोच. रंगाचा. मी खरवडला."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तुझ्या बाहीला जांभळी साखर होती. केकच्या कडेलाही होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." क्लेमांसने कप खोक्यात ठेवला. "मला वाटलं, खाऊन झालं की सांगशील. अगं क्लेमांस, मीही लंगोटच आणला. मग मी हसले असते. किती हसले असते, तुला सांगू?"

ओदाली खोक्यावर बसली. 

"आणि दुसरं," क्लेमांस म्हणाली. "अनातोलकडे नाही, सिडोनीकडे नाही, देवाच्या तुकड्यात नाही. तेव्हाच मला कळलं, की ही विसरली. तोंडात घास तसाच धरून ठेवला मी. म्हटलं, सांगावं की माझ्या दाताखाली आला आणि चुकून गिळला. राणी मी. पुढच्या रविवारी माझ्याकडे या. दाणा कोण बघायला मागतंय? घास खाली ढकलायचा आणि बोलायचं, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात तू माझं नाव घेतलंस."

बाहेर कोणाच्या तरी गाडीतून कार्निव्हलचा बँड वाजत गेला. 

"आता म्हण," ओदाली म्हणाली. आयुष्यात तिने कोणाला विनवलं नव्हतं, त्यामुळे तेही हुकमासारखंच निघालं. "आता म्हण ना, तुला आला म्हणून."

"कोणापुढे म्हणू, ओदाली? अनातोल टेक्सासला. सिडोनीला मुलीने परवा म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवलं, तुला कोणी सांगितलं नाही का? तिथे सगळं इंग्रजी. ती म्हणे मजेत आहे, तिला ऐकूच येत नाही." क्लेमांसच्या ओठांची कड हलली, पण हसू काही पुरतं आलं नाही.

ओदालीने दाणा पुढे केला. "घेऊन जा. तिथे करशील. भाचीच्या पोरांना..."

"त्यांना प्लास्टिकचं बाळ आवडतं," क्लेमांस म्हणाली. तिने ओदालीची गाठी आलेली बोटं एकेक करून मिटवली, कळ लागू नये इतक्या हलक्या हाताने. ही बोटं पीठ मळू शकत नाहीत हे तिला त्या क्षणी कळलं असावं, कारण ती थोडा वेळ त्यांच्याकडेच बघत राहिली. "मला हाक मारायचीस गं," ती म्हणाली. "पीठ मी मळलं असतं."

मग ती पुन्हा कप गुंडाळू लागली. ओदाली बसून राहिली. मदत करावी तर कप हातातून पडले असते.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवारी या गावात घरोघर राजमा-भात शिजतो. धुण्याचा दिवस, राजमा आपला मंद शिजत राहतो, म्हणून आज्या-पणज्यांपासून हाच नेम. ओदालीने बरणी काढली. कनवटीला बांधावा तसा रुमालाच्या कोपऱ्यात बांधलेला दाणा सोडला, बरणीत टाकला आणि बरणी हलवली. मग वाकून, चष्मा लावून, बराच वेळ आत पाहिलं. कोणता तो आता ओळखू येईना.

एकटीपुरता वाटीभर राजमा तिने पाण्यात घालून शेगडीवर ठेवला. कांदा चिरताना सवयीने फोनकडे कान गेला. मग तिने आच बारीक केली आणि खुर्ची खिडकीशी ओढली. राजमा शिजायला वेळ लागतो.